संकष्टीच्या रविवारची छत्री

आमच्या घरात सुटीचा बेत मी आखते. म्हणजे बाकीचे मला आखू देतात. नवरा म्हणतो, "तू ठरव, मी येतो." सहावीतली लेक म्हणते, "कुठेही चालेल, पण म्युझियम नको." त्यामुळे फेब्रुवारीतल्या त्या शुक्रवारी मी फ्रिजवर कागद लावला. शनिवारी गिरगाव, रविवारी वरळी कोळीवाड्यात मासळीचं जेवण. निघायचं कधी, टॅक्सी कुठून, परत येताना दूध. सगळ्यांत खाली एकच शब्द होता आणि त्याच्याखाली दोन रेघा: आई.

आई म्हणजे माझ्या सासूबाई. दिवाळीनंतर ऑपरेशन करून त्यांचा उजवा गुडघा बदलला. डॉक्टरांनी त्यांचं काम चोख केलं. पुढचं काम सासूबाईंचं होतं, आणि ते त्या करत नव्हत्या. डॉक्टरांनी त्यांना तोंडावर सांगितलं होतं, "आजी, रोज खाली उतरून चाललात तर हा गुडघा तुमचा. घरात बसून राहिलात तर तो आखडेल, मग मी काही करू शकणार नाही." त्यांनी मान डोलावली आणि घरी येऊन बसल्या त्या बसल्याच.

कारण मला ठाऊक होतं. आमची परळची चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहिला, पण चाळीतल्या बायका त्याच राहिल्या. त्या आता खाली लिफ्टसमोरच्या बाकांवर बसतात. चाळीत सासूबाईंसारखं भरभर चालणारं कुणी नव्हतं. लालबागच्या बाजारातून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन त्या निघाल्या की त्यांना गाठायला मला पळावं लागे. ऑपरेशननंतर पहिल्यांदा काठी घेऊन त्या खाली गेल्या, तेव्हा बाकावरची एक जुनी शेजारीण म्हणाली, "अगो, तू पण आमच्यात इलंस काय? बस." तिने सरकून जागाही करून दिली. तिच्या मनात वाईट काहीच नव्हतं. पण सासूबाई त्याच लिफ्टने वर आल्या आणि काठी कपाटामागे गेली. नंतर त्या खाली उतरल्या नाहीत.

शनिवारी त्या येणार नाहीत हे मी धरूनच चालले होते. "तुमी जावा," त्या म्हणाल्या, "माका काय तरी घेवन येवा." रविवारचं विचारलं तर मात्र चटकन म्हणाल्या, "येतंय मी." मला त्यात नवल वाटलं नाही. जिच्या घरी आम्ही जेवायला जाणार होतो ती कोळीण चाळीत टोपली घेऊन यायची. तिची आणि सासूबाईंची घासाघीस ऐकायला लोक गॅलरीत उभे राहायचे. आता ती आणि तिची सून घरीच ऑर्डरवर जेवण करून देतात. तिच्या हातचं खायला सासूबाई नक्की उतरतील, असा माझा हिशेब. मी फोन करून सुरमई, तिसऱ्या आणि बोंबील सांगून टाकले आणि कागदावर बरोबरची खूण केली.

शनिवार छान गेला. गिरगावात उतरून आधी खोताच्या वाडीत शिरलो. गल्ली इतकी अरुंद आणि घरं इतकी जवळ की लेक हळूच म्हणाली, "आई, आपण कुणाच्या तरी घरात शिरतोय असं वाटतंय." समोरच्या लाकडी व्हरांड्यात अर्ध्या चड्डीत पेपर वाचणारे एक गृहस्थ मान वर न करता म्हणाले, "शिरलाच आहात. आता मांजरावर पाय देऊ नका, म्हणजे झालं." मांजर खरंच पायरीवर पसरलेलं होतं. आम्ही तिघंही त्याला वळसा घालून गेलो.

मग एका जुन्या खानावळीत मिसळ, थालीपीठ आणि कोथिंबीर वडी. टेबल दुसऱ्या एका जोडप्याबरोबर वाटून घ्यावं लागलं. त्यांचं पीयूष आधी आलं, ते माझ्या नवऱ्याने आपलं समजून अर्धं संपवलं आणि मग आमचं त्यांना दिलं. चौपाटीवर लेकीने कुल्फी खाल्ली, नवऱ्याने वाळूत चप्पल हरवून पुन्हा शोधली, आणि येताना आम्ही दादरपर्यंत भुयारी मेट्रोने आलो, कारण ती लेकीला दाखवायचीच होती. माझ्या कागदावरचं सगळं झालं. दूधसुद्धा.

सासूबाईंसाठी कोथिंबीर वडी बांधून आणली होती. त्यांनी एक तुकडा तोडला आणि खाली ठेवला.

"चामड्यासारखी झाली गो."

"तिकडे गरम होती, आजी," लेक म्हणाली. "तिकडे एकदम कुरकुरीत होती."

"असात," सासूबाई म्हणाल्या आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

रविवारी सकाळी मी पोह्यांसाठी कांदा चिरत होते. सासूबाई आंघोळ करून, देवाला फूल वाहून स्वयंपाकघराच्या दारात आल्या.

"माका पोहे नको. माझो उपास."

"रविवारी कसला उपास?"

"संकष्ट आज."

सुरी हातात तशीच धरून मी दाराआड गेले. भिंतीवरचं कॅलेंडर तिथे लटकतं. ते त्यांच्या राज्यात येतं. माझ्या सगळ्या तारखा फोनमध्ये असतात, आणि त्यात दंतवैद्य, गॅसचं बुकिंग, शाळेची फी असं सगळं होतं, फक्त चतुर्थी नव्हती. कॅलेंडरवर त्या रविवारच्या चौकटीत छोटा लाल गणपती बसला होता.

आमच्यासारख्या कोकणातल्या घरांत मासे खायचे वार ठरलेले असतात: बुध, शुक्र, रवि. बाकीच्या दिवशी कुणाचा ना कुणाचा वार निघतो. संकष्टी पडली तर रविवारही गेला. नवरा दाढी करता करता बाहेर आला, त्याने बोटांवर मोजलं आणि निकालात नापास झाल्यासारखा म्हणाला, "म्हणजे थेट बुधवार?"

"तुम्हाला माहीत होतं ना, आई?" मी विचारलं.

"कॅलेंडर भिंतीर आसा. मी काय झाकून ठेवलंय?"

त्या इतक्या शांतपणे म्हणाल्या की सगळं माझ्या लक्षात आलं. त्यांनी शुक्रवारीच हो म्हटलं ते जायचं नाही हे ठाऊक असल्यामुळे. मला दुखवायचं नाही आणि खालीही उतरायचं नाही, दोन्ही जमलं होतं. बेत आखण्यात त्या माझ्या पुढे निघाल्या, हे मला मान्य करावं लागलं.

कोळणीला फोन केला. ती हसतच सुटली. "सकाळपास्नं सगळा परळ-लालबाग मला हेच सांगतोय. मला वाटलं, तुझी सासू घरात असताना तू तरी चुकणार नाहीस." मग आवाज बदलून म्हणाली, "म्हातारी चालते का गो?"

"नाही," मी म्हटलं.

"मग पुढच्या रविवारी तिला घेऊनच ये. नाही आली तर सांग, मी तिला घरी येऊन शिव्या देईन."

मी फ्रिजवरचा कागद काढला. आता काय करायचं ते मला खरंच सुचत नव्हतं. नवऱ्याने पोहे घेतले आणि गुपचूप खायला लागला. तेवढ्यात लेक म्हणाली, "आजी, संकष्टीला तू दादरच्या देवळात जायचीस ना? मला पण न्यायचीस. ते गल्लीतलं छोटं देऊळ."

"तेवा पाय होतो माझो."

"आता तर नवीन आहे."

नवऱ्याला ठसका लागला. सासूबाई नातीकडे बघत राहिल्या. डॉक्टरांना, मला, स्वतःच्या मुलाला त्यांनी तीन महिने नाही म्हटलं होतं. पण आज गणपतीचं नाव त्यांनीच काढलं होतं. त्याचा उपास धरून त्याच्याच देवळात जायला नको म्हणणं त्यांना जमेना. त्या खुर्चीवर बसल्या, उठल्या, पुन्हा बसल्या.

"रांग मोठी असतली," त्या म्हणाल्या.

"छोट्या देवळाला कसली रांग?" लेक म्हणाली.

 मी कपाटामागची काठी काढून आणली.

"ती नको."

"आई, आधाराशिवाय कसं चालणार?"

त्या उठून बाहेरच्या दारापाशी गेल्या. तिथल्या खुंटीवर सासऱ्यांची छत्री होती. लांब, काळी, वाकड्या लाकडी मुठीची. सासरे गेल्यापासून ती कुणी उघडली नव्हती. सासूबाईंनी ती काढली, जमिनीवर टेकवली, तिच्यावर भार देऊन बघितला. उंची नेमकी होती. "ही बरी," त्या म्हणाल्या.

वाद घालण्यात अर्थ नव्हता, पण छत्रीचं लोखंडी टोक लादीवर सर्रकन घसरलं ते मी बघितलं. मी काठी घेऊन गॅलरीत गेले आणि तिच्या टोकाचं रबर ओढून काढलं. ते छत्रीच्या टोकाला ढिलं होत होतं. आत चिंधी कोंबली, वरून टेप गुंडाळला. मग दोनदा जोरात लादीवर आपटून बघितलं. सासूबाई बघत होत्या. त्यांनी हात पुढे केला.

लिफ्टचं दार उघडलं तेव्हा सकाळच्या बाकांवर तिघी-चौघी होत्याच. ती शेजारीणही होती. सासूबाई लिफ्टमध्ये क्षणभर थांबल्या. लेकीने दाराच्या बटणावर बोट दाबून धरलं होतं. मग छत्री पुढे आली आणि मागोमाग त्या.

"छत्री कशाक गो?" शेजारणीने विचारलं. "पाऊस पडतलो काय?"

"ऊन लागता."

"मग उघड की."

"लागला की उघडतलंय."

शेजारणीने छत्रीकडे बघितलं, टोकाच्या रबराकडे बघितलं. तिला कळलं असणार.  ती एवढंच म्हणाली, "खंय चललंस?"

"गणपतीक."

"मग माझ्या नावान पण एक दूर्वा वाहा."

सासूबाईंची पाठ मला त्या क्षणी सरळ झाल्यासारखी वाटली. टॅक्सीपर्यंत त्या कुणाचा हात न धरता गेल्या.

देवळात रांग होती, पण सरकणारी. त्यांनी दोन दूर्वा वाहिल्या, एक आपली, एक शेजारणीची. मग दादरमधल्याच एका उपाहारगृहात शिरलो. तिथे संकष्टीला निम्मी टेबलं उपासवाल्यांची असतात. साबुदाणा वडा, उपासाची मिसळ, रताळ्याचा कीस. आमच्यात उपास एकाच माणसाचा होता, पण चौघांनीही उपासाचंच मागवलं आणि ते नेहमीच्या जेवणापेक्षा जास्तच झालं. नवऱ्याने तिसरा वडा घेतल्यावर सासूबाई म्हणाल्या, "तुझो उपास कडक आसा रे." वडा मात्र त्यांना पसंत पडला. तोडल्यावर वाफ आली, ती त्यांनी नातीला दाखवली. "असो खावचो असता. बांधून नाय आणूचो." ते मला होतं.

मी टॅक्सी बघायला लागले तर त्यांनी विचारलं, "पार्क किती लांब?" शिवाजी पार्क किती लांब आहे हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. आम्ही त्यांच्या चालीने निघालो. वाटेत दोनदा थांबलो, एकदा फुलवालीपाशी भाव विचारायला आणि एकदा उगाच. कट्ट्यावर बसल्यावर त्यांनी छत्री मांडीवर आडवी ठेवली आणि मैदानातल्या क्रिकेटकडे बघत बसल्या. लेकीने विचारलं, "दुखतंय का?" त्या म्हणाल्या, "दुखता. पण डाव्यापेक्षा कमी."

परतताना टॅक्सी लालबागच्या बाजाराजवळ तुंबली. रस्त्याकडेला कोळणी बसल्या होत्या, मासे भरपूर आणि गिऱ्हाईक तुरळक. सासूबाईंनी काच खाली केली.

"आई, आज बघायचं पण नाही," नवरा म्हणाला.

"बघल्यान उपास मोडणा नाय." त्यांनी मान बाहेर काढली. एक बाई बोंबील घेत होती. सासूबाई माझ्याकडे वळल्या. "बघ, तू आणतंस ते असले. पिवळट. वास येयपर्यंत तुका समजणा नाय."

"मग बुधवारी तुम्हीच चला," मी म्हटलं.

त्यांनी काच वर केली. पुढे सिग्नल सुटला. चंद्रोदयाला खिडकीतून चंद्र बघून त्यांनी उपास सोडला, मोदक खाल्ला आणि गुडघ्याला बर्फ लावून झोपल्या. बुधवारचा विषय त्यांनी काढला नाही, मीही काढला नाही. सोमवारी, मंगळवारी त्या घरातच होत्या.

बुधवारी ऑफिसातून आले. दार लेकीने उघडलं. तिच्या एका हातात वही होती, दुसऱ्या हातात बिस्किट.

"आजी कुठे?"

"मला काय माहीत? मी आत्ता आले क्लासवरून."

मी चप्पल काढताना वर बघितलं. खुंटी रिकामी होती. बाहेर आभाळ स्वच्छ होतं. ओट्याखालची मासळीची पिशवीही जागेवर नव्हती. एकदा वाटलं, लिफ्टने खाली जावं, निदान बाजाराच्या कोपऱ्यापर्यंत. बटण दाबलंही. मग परत आत आले, हात धुतले आणि तांदूळ निवडायला घेतले. नेहमीपेक्षा मूठभर जास्त घेतले, कारण बोंबील चांगले असणार होते.