एक नंबरची डिस्क कुठली?

"बाई, माझा नाव परत गेला," पार्वतीबाई खिडकीतूनच म्हणाल्या. "परवा तुमीच दाखवलास. आता हे परब सांगतत, नाव नाय म्हणान. तुमच्या मशिनीक इसार पडता काय?"

परब खिडकीवरचे क्लार्क. त्यांनी स्क्रीन माझ्याकडे वळवला. तोंडवली गावची यादी होती आणि तीत पार्वतीबाई खरंच नव्हत्या.

ऐंशीच्या दशकातली ही शेवटची वर्षं. उधाणात घरं गेलेल्या कुटुंबांना नव्या जागा मिळायच्या होत्या. त्यांची यादी आमच्या कार्यालयातल्या कॉम्प्युटरवर होती आणि तिचा प्रोग्रॅम मी लिहिलेला. पहिल्या यादीत पार्वतीबाईंचं नाव सुटलं होतं. त्यांनी हरकत घेतली, सुनावणी झाली, आणि दसऱ्याच्या आदल्या दिवशी दुपारी त्यांच्यासह सोळा नावं आम्ही घातली. हरकतींचे कागद त्याच संध्याकाळी जीपने जिल्ह्याला गेले. मध्ये दसऱ्याची सुट्टी झाली. आज पाच वाजता छापील यादी जायची होती. ती गेली की बदल नाही.

"टायपिंगची चूक असेल," परब म्हणाले.

मी आत गेले. आतल्या टर्मिनलवर तीच यादी उघडली. पार्वतीबाई होत्या, सोळाच्या सोळा होते.

आमच्याकडे दोन मशीन होती आणि डिस्कची दोन कपाटं. दोन्ही कपाटांच्या केबल दोन्ही मशीनना जोडलेल्या, म्हणजे एक मशीन बंद पडलं तरी दुसऱ्यावर काम चालावं. याला क्लस्टर म्हणतात. एका डिस्कवर यादी, दुसरीवर तिची नक्कल. पण डिस्क नुसती जोडून भागत नाही. ती कुठल्या नावाखाली उघडायची ते मशीनला सांगावं लागतं. त्याला म्हणतात माउंट करणं. आम्ही सांगून ठेवलं होतं, 'डिस्क एक म्हणजे यादी, डिस्क दोन म्हणजे नक्कल.'

हे एक आणि दोन आम्ही ठरवलेलं नव्हतं. मशीन सुरू होताना जी डिस्क आधी उत्तर देईल तिला ते एक म्हणायचं.

"गावडे, मशीन बंद केली होती?" मी ऑपरेटरला विचारलं. ती कधीच बंद होत नसत. लाइट गेली तर बॅटऱ्या होत्या.

"दसरो नाय काय, मॅडम? वर्षातसून एक दिवस तरी हत्याराक इश्रांती नको?"

दोन्ही कपाटांवर झेंडूच्या माळा होत्या, कुंकू होतं.

"आणि सकाळी सुरू कशी केलीत?"

"उजव्या अंगान. पूजेक डाव्या अंगान कोण सुरुवात करता?"

म्हणजे आधी उजवं कपाट, मग त्याच्या शेजारचं, खिडकीकडचं मशीन, मग डावं कपाट, शेवटी दुसरं, आतल्या टर्मिनलचं मशीन. पहिल्या मशीनला उठल्यावर उजवी डिस्कच दिसली. ते तिलाच एक म्हणू लागलं. दुसऱ्याला दोन्ही दिसल्या, त्यात डावीने आधी उत्तर दिलं. एकाची एक ती दुसऱ्याची दोन. खिडकीवर आम्ही लोकांना नक्कल दाखवत होतो, तीही सोळा नावं घालायच्या आधीची.

एवढंच असतं तर मी हसले असते. पण रोज एक वाजता, जेवणाच्या सुट्टीत, खिडकीकडचं मशीन आपणहून डिस्क एक डिस्क दोनवर उतरवून काढायचं. आज ते जुनी नक्कल ताज्या यादीवर उतरवणार होतं. एकला बारा मिनिटं होती.

ते काम पुण्याच्या इंजिनियरने स्वतःच्या पासवर्डने लावलेलं, मला ते थांबवता येत नव्हतं. ट्रंक कॉल लागून तो भेटेपर्यंत सगळं संपलं असतं.

कपाटाच्या तोंडावर एक बटण असतं. ते दाबलं की डिस्क वाचता येते, लिहिता येत नाही. पण कुठल्या कपाटावरचं दाबू? डावी ताजी असणार, असं माझं अनुमान होतं. अनुमानावर सोळा घरं टाकायची नव्हती. टायपिस्टना हातातलं काम सेव्ह करायला लावलं, माळा बाजूला सारल्या आणि दोन्ही बटणं दाबली.

साहेब धावत आले. "बाई, काम का थांबलं? पाचला यादी जायची आहे!"

"आत्ता लिहू दिलं तर चुकीची जाईल."

"तुमची खात्री आहे?"

"नाही. म्हणूनच दोन्ही बंद केल्यात."

एक वाजला. खिडकीकडच्या मशीनने नक्कल सुरू केली आणि लगेच ओळ टाकली की डिस्कवर लिहिता येत नाही. थोड्या वेळाने पुन्हा तीच. मी आतल्या टर्मिनलवर सोळा नावं एकेक करून वाचली. होती.

मग दोन्ही मशीन नीट बंद केली, एका वेळी एकच कपाट सुरू करून सोळा नावं डावीवरच आहेत हे पाहिलं आणि बटणं सोडली. प्रत्येक डिस्कच्या सुरुवातीच्या जागेत तिचं नाव लिहिता येतं. डावीवर 'यादी' लिहिलं, उजवीवर 'नक्कल'. सुरू होतानाच्या सूचना बदलल्या. आधी डिस्कवरचं नाव वाच, मग त्याप्रमाणे माउंट कर. नाव सापडलं नाही तर अंदाज न करता थांब. ट्रंक कॉल लागल्यावर इंजिनियरकडून पासवर्ड घेतला आणि नक्कल उतरवण्याआधीही तेच घातलं. मुद्दाम उजव्या अंगाने सुरू केलं, मग डाव्या. दोन्ही वेळा यादी ती यादीच राहिली.

कागद साडेसहाला निघाले. साहेबांनी उशिराचं कारण 'तांत्रिक' असं लिहिलं. पार्वतीबाई खिडकीसमोरच्या बाकावरून हलल्या नव्हत्या. कागद जाण्याआधी त्यांनी आपलं पान स्वतः वाचलं, बोट ठेवून, नवऱ्याच्या नावासकट.

"आता खंय जावचा नाय मां?"

"नाही."

"तुमी परवाय तसाच बोललास."

कपाटांच्या क्रमावर सगळं अवलंबून आहे हे मला माहीत होतं, आणि गावड्यांना ते मी कधी सांगितलं नव्हतं. पार्वतीबाई त्या दिवशी आल्या नसत्या तर एक वाजल्यानंतर दोन्ही डिस्क हुबेहूब सारख्या झाल्या असत्या, आणि सारख्या आहेत म्हणून कोणी पुन्हा तपासल्याही नसत्या. तेव्हापासून दोन प्रती तंतोतंत जुळतात असं कोणी अभिमानाने सांगितलं, की मी आधी विचारते, कुठली कुठलीवरून काढली?