बाबांसाठी फोकसरची मोटर

शेलार गावात आमच्या घराला लागूनच कापड विणायच्या लूमचा कारखाना आहे. तो चालू असला की आमची गच्ची थरथरते, आणि तसल्या गच्चीवर दुर्बीण लावणं म्हणजे चालत्या रिक्षात सुई ओवणं. म्हणून आम्हा बापलेकीचं आकाश शुक्रवारपुरतंच होतं, कारण शुक्रवारी लूम बंद. बाकीचे सहा दिवस आभाळ कितीही निवळलेलं असो, मी दुर्बिणीवरचं कापड काढत नसे.

बाबा आयुष्यभर जॉबर होते, म्हणजे अडलेला लूम दुरुस्त करून पुन्हा चालता करून देणारा माणूस. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. दुर्बीण घेतली मी, पण वेड लागलं त्यांना. शनी पहिल्यांदा पाहिला तेव्हा बराच वेळ ते डोळा काढेचनात. मग म्हणाले, "रिंग कुठंच टेकलेली न्हाय. मंग पडत कशी न्हाय गं?" मी सांगितलेलं उत्तर त्यांना अजिबात पटलं नाही, आणि पुढच्या शुक्रवारी तेच पुन्हा तपासायला ते माझ्याआधी वर जाऊन बसले.

मग त्यांना कंपवात झाला. फोकसची चकती फिरवायला हात लावला की सगळी दुर्बीण हलायची आणि शनी नाचायला लागायचा. मी फोकस करून द्यावा, तर माझ्या डोळ्याला जे लख्ख ते त्यांना धूसर. त्यांचा चष्म्याचा नंबर मोठा, आणि दुर्बिणीला डोळा लावताना चष्मा काढायची सवय. एका शुक्रवारी ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे. तूच बघ." आणि कठड्याला धरून जिना उतरून गेले. मला ते सहन झालं नाही. हात आणखी बिघडायच्या आत त्यांनी शनी स्वतःच्या हातानं एकदा तरी स्पष्ट करून बघावा, एवढंच माझ्या डोक्यात बसलं.

म्हणून फोकसरला, म्हणजे चकती फिरवली की नेत्रिकेची नळी पुढंमागं नेणाऱ्या भागाला, मोटर बसवायची ठरवली. एक छोटी मोटर आणि वायरीच्या टोकाला दोन मोठ्या बटणांचा डबा. डबा मांडीवर ठेवायचा, म्हणजे हात कितीही कापला तरी थरथर दुर्बिणीपर्यंत पोचत नाही. मोटर धरून ठेवायला कोनात वाकवलेली पट्टी हवी होती. ती धामणकर नाक्याच्या लेथवाल्याकडून करून आणली. त्याची आणि बाबांची जुनी ओळख. पट्टी माझ्या हातात देताना त्यानं विचारलं, "उस्ताद को क्या देखना है इससे?" मी म्हटलं, शनी. त्यानं पट्टी परत मागितली आणि तिच्या कडा आणखी एकदा घासून दिल्या.

जोडणी बाबांनीच केली, म्हणजे त्यांनी सांगितलं आणि मी केली. मोटर चकतीला जोडणाऱ्या कपलिंगचा बारीक स्क्रू त्यांच्या बोटात ठरत नव्हता. पण मोटर फिरवली तसे ते डोळे मिटून ऐकत बसले आणि म्हणाले, "सेंटर चुकलाय. खालून पातळ पॅकिंग दे." मला काहीच वेगळं ऐकू येत नव्हतं. पत्र्याचा तुकडा सरकवला आणि आवाज खरोखर मऊ झाला. त्या शुक्रवारी दुपारी ते जेवले पोटभर, आणि कितीतरी दिवसांनी मला नावं ठेवली, पाना धरायची अक्कल नाही म्हणून.

संध्याकाळी अंधार पडायला लागला तसा शनी लावला. बाबांनी बटण दाबलं. मोटर फिरली, पण नळी जागची हलली नाही. उलट नेत्रिकेच्या वजनानं हळूहळू खाली घसरायला लागली. मी बोट लावून पाहिलं तर आतला दांडा तेलानं माखलेला. या फोकसरला दाते नसतात. गुळगुळीत दांडा नळीला दाबून धरतो आणि नुसत्या घर्षणावर तिला पुढंमागं नेतो. तिथं तेलाचा थेंबही चालत नाही. मी चहा करायला खाली गेले होते तेवढ्यात बाबांनी जुनी तेलाची बुदली शोधून काढली होती. कुठलंही मशीन त्यांनी जन्मात कधी सुकं चालू केलं नव्हतं.

"सुकं मशीन चालवत न्हाय," बुदली उचलून दाखवत ते म्हणाले. अपराधी स्वरात नव्हे, मला शिकवल्यासारखं. माझं डोकं सटकलं. तीन आठवड्यांची धावपळ माझ्या डोळ्यांपुढं आली आणि मी म्हणाले, "विचारायचं तरी होतं. हाताला काही कळत नाही आता तुमच्या. यापुढं कशालाच हात लावू नका." हातातली बुदली त्यांनी खाली ठेवली, ती आडवी झाली आणि थोडं तेल लादीवर सांडलं. ते पुसायलाही ते वाकले नाहीत.

बिघाड म्हटला तर किरकोळ होता. आठवडाभरात मी कॉलेजातून स्पिरिट आणलं, दांडा पुसला, सगळं पुन्हा बसवलं. नळी झकास चालू लागली. घरात मात्र बाबा जेवायला बसले तरी मी वाढेपर्यंत थांबायचे. पाण्याचा तांब्या समोर असायचा, तोही मीच उचलून द्यायचा. मला कळत होतं. माफी मागायला तोंड उघडायची आणि दुसरंच काहीतरी बोलायची.

पुढच्या शुक्रवारी त्यांना वर आणलं, खुर्चीत बसवलं, बटणांचा डबा मांडीवर ठेवला. म्हटलं, "दाबा बाबा. आता चालतंय." त्यांनी दोन्ही हात काखेत धरले होते. "तूच कर," ते म्हणाले. मी पुन्हा म्हटलं, विनवलं. "न्हाय गं. तूच कर."

मी डबा उचलला. त्यांनी चष्मा काढून डोळा लावला आणि मी बटण जेमतेम दाबलं.

"बरं हाय," ते लगेच म्हणाले.

माझ्या बटणानं नळी केसभरच हलली होती. मी थोडं आणखी दाबलं. "आता?" "बरं हाय." उलट्या बाजूला नेलं. "आता?" "बरं हाय की." मग मी बटण सोडलंच नाही. नळी पार बाहेर येऊन थांबली आणि मोटर नुसती घरघरत राहिली. नळी एवढी बाहेर आली की कुणाच्याही डोळ्याला शनी दिसत नाही, फक्त एक राखाडी डाग दिसतो.

"आता, बाबा?"

"आता एकदम साफ," ते म्हणाले. "रिंगपण दिसतेय."