अण्णांच्या नजरेच्या कडेला

माझे वडील, आमचे अण्णा, मास्तरकीतून निवृत्त झाल्यापासून सास्तूरच्या विहारात दर पौर्णिमेला धम्माविषयी बोलायचे. आपलंच तेवढं खरं हा हट्ट माणसाला कसा फसवतो, हे ते बायाबापड्यांनाही उमजेल असं सांगायचे. गावात त्यांच्या शब्दाला वजन होतं. त्याच वजनाखाली माझी काकू दबली.

मागच्या उन्हाळ्यात ती चौकात वैरणीचा भारा घेऊन उभी असताना अण्णांच्या मोटारसायकलची धडक बसली आणि तिचं मनगट मोडलं. भूकंपानंतर वसलेलं आमचं गाव, रस्ते रुंद आणि सरळ. इतक्या मोकळ्या जागी धडक बसलीच कशी, हे कुणी विचारलं नाही. "ती एकदम आडवी आली," अण्णा म्हणाले आणि विषय संपला.

काकू हाताला प्लॅस्टर घेऊन सांगत राहिली, "म्या कडंला उभी व्हते. हलले बी न्हाय."

काका, म्हणजे अण्णांचे धाकटे भाऊ, तिच्यावरच खेकसले, "मग अण्णा खोटं बोलत्यात व्हय?"

"खोटं कुठं म्हनले म्या?"

"मग गप बस."

ती गप्प बसली. विहारात येणंही तिनं सोडलं. मी उमरग्याहून माहेरी आले की दोन घरांमधलं दार बंद दिसायचं. पूर्वी त्याला कडी आहे हेही आम्हाला ठाऊक नव्हतं.

पुढं अण्णांचा खांदा चौकटीला आपटायला लागला. पायाशी ठेवलेला तांब्या लवंडायचा आणि ते माझ्या वहिनीवर डाफरायचे, "वस्तू जागच्या जागी ठेवायला काय होतं?" वहिनी रडकुंडीला आली होती. चष्म्याचा नंबर बदलला असेल, म्हणून मी त्यांना लातूरला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. तिथं त्यांना एका मशिनपुढं बसवलं, ठिपका चमकला की बटण दाबायला सांगितलं. तपासणी झाल्यावर डॉक्टरबाईंनी पडद्यावर चित्र दाखवलं. मधे थोडं पांढरं, भोवती सगळं काळं.

"काचबिंदू आहे. कडेची नजर बरीचशी गेलीय. गेलेली परत येत नाही, उरलेली सांभाळू."

"पण मला तर कुठंच काळं दिसत नाही," अण्णा जरा चिडूनच म्हणाले. "मशिन बिघडलंय का बघा."

"काळं दिसत नसतंच, आजोबा. गेलेला भाग जाणवतच नाही. म्हणून सगळं दिसतंय असंच वाटत राहतं."

परतताना एसटीत अण्णा म्हणाले, "अविद्या म्हणजे अंधार, असंच मी सांगत आलो. अंधार असता तर कळला तरी असता गं." आणि अगदी हळू, "ती उभीच असणार."

घरी न जाता ते थेट काकूकडं गेले. काकांसमोर सगळं सांगितलं, हात जोडले. डोक्यावरचा पदर सारखा करत काकू म्हणाली, "दिसलं न्हाय, त्याला तुमी तरी काय करनार, भावजी? पन म्या सांगत व्हते, तवा ऐकू तर येत व्हतं ना?"

काका उठून बाहेर गेले.

पुढच्या पौर्णिमेला अण्णांनी विहारात उभं राहून चूक कबूल केली. लोक भारावले. "गुरुजी, केवढं मोठं मन तुमचं!" म्हणत त्यांच्याभोवती गोळा झाले. "अहो, माझं कौतुक कसलं करता," अण्णा कासावीस होऊन सांगत होते, पण कुणी ऐकेना. काकू त्या दिवशी आली होती, मागं बसली होती. तिला कुणीच काही विचारलं नाही. ती उठली, चपला घालून निघाली. मी तिच्यासोबत गेले. भाकरी थापताना मनगट अजून दुखतं, एवढंच ती वाटेत बोलली.