सांध्यावरचा हात

खामगावच्या एका जिनिंगमध्ये मी कारकून होतो, तो फिटर. मशिनी सुरू झाल्या की अख्खं छप्पर थरथरायचं. तेव्हा तो शिडीवर चढून छपराच्या लोखंडी सांगाड्याच्या एकेका सांध्यावर तळवा ठेवायचा, डोळे मिटायचा आणि ढिल्या सांध्यावर खडूने फुली मारायचा. "बोल्ट पाहून समजत नाही, त्याले हात लावून इचारा लागते," म्हणायचा. फुली दिसली की खाली कापूस निवडणाऱ्या बाया तिथून उठायच्या. इतका त्याचा भरवसा.

एका हंगामात एके सकाळी त्याने सगळ्याच सांध्यांवर फुल्या मारल्या. बाया बाहेर आल्या, काम थांबलं. तपासलं तर एकही बोल्ट ढिला नव्हता. कोणी हसलं नाही, तेच त्याला लागलं.

दुपारी तो माझ्या टेबलावर तळवा टेकवून बसला.

"बाबूजी, मशिनी बंद हायेत ना?"

"हो."

"मंग हे काऊन थरथरून राह्यलं?"

त्याच्या हाताखालचा कागद फडफडत होता.

मी म्हटलं, "जलंबची आगगाडी आली असेल."

"हाव, तेच असन."

गाडी संध्याकाळी येते, हे दोघांनाही ठाऊक होतं. उठताना त्याने खिशातला खडू माझ्या दौतीपाशी ठेवला.