सारिमिन नावाचे चार जण

"तुमच्या कॉम्प्युटरने माझ्या वडिलांना जिवंत केलंय," त्या बाई म्हणाल्या. "ते खरं की खोटं, एवढंच मला सांगा. त्याशिवाय मी इथून उठणार नाही."

हॉलंडमधल्या आइंडहोवनमध्ये एका जुन्या कारखान्याच्या इमारतीत आमचं ऑफिस आहे. तिथे लोक येत नाहीत, ईमेल पाठवतात. या बाई बसने आल्या होत्या. वय ब्याऐंशी, ठेंगण्या, रेनकोटची सगळी बटणं गळ्यापर्यंत लावलेली. मांडीवर प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये एकच कागद. आम्ही बनवलेल्या वेबसाइटच्या तळाशी बारीक अक्षरात आमच्या कंपनीचं नाव असतं, ते वाचून त्यांनी पत्ता शोधला होता. त्याआधी ती वेबसाइट ज्यांची, त्या आमच्या क्लायंटला त्यांनी दोनदा लिहिलं होतं. आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे, असं उत्तर आलं होतं.

मी डेटा इंजिनियर. मूळची सांगलीची, गेली चौदा वर्षं इथे, राहायला जवळच्या बेस्ट नावाच्या गावात. वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेली माहिती साफ करून एका जागी लावणं हे माझं काम. आईला मी सांगते, तू तांदूळ निवडतेस ना, तसंच. त्या वर्षी एका स्मृतिसंस्थेचं काम आमच्याकडे होतं. युद्धकैद्यांची माहिती वेबसाइटवर आणायची होती, नाव टाकलं की माणसाचं काय झालं ते दिसेल अशी.

हे कैदी कोण, ते सांगायला हवं. दुसऱ्या महायुद्धात आजचा इंडोनेशिया डचांच्या ताब्यात होता. जपान्यांनी तो जिंकला आणि डच फौजेला कैद केलं. त्या फौजेत गोरे होते, तसे जावा आणि आसपासच्या बेटांवरचे लोकही होते. या कैद्यांना रेल्वे बांधायला, खाणीत राबायला, जहाजांतून एका बेटावरून दुसऱ्या बेटावर नेत. जुनी मालवाहू जहाजं. माल ठेवायच्या खोल जागेत बांबूचे माळे ठोकायचे आणि त्यांवर माणसं कोंबायची. बसायचं तर गुडघे छातीशी घेऊन. पाणी घोटभर, हगवण सगळ्यांना, आणि वर यायला एक शिडी. आत कैदी आहेत अशी खूण जहाजावर नसे. दोस्त राष्ट्रांच्या पाणबुड्यांना फक्त शत्रूचं जहाज दिसे, आणि त्या टॉर्पेडो सोडत. डेकवरचे काही जण वाचत. खालचे बहुतेक जात. म्हणजे कैद शत्रूची आणि मरण आपल्याच माणसांच्या हातचं.

त्या बाईंचं नाव एली सारिमिन. डच इंडीजहून, म्हणजे त्या वेळच्या इंडोनेशियातून, आलेल्या लोकांत वयस्कर बाईला तांते म्हणतात, आपण मावशी म्हणतो तसं. त्या म्हणाल्या, तांते एली म्हण, ते मॅडमसारखं मेव्हराव नको.

तांते एलींचे वडील जावाचे, डच फौजेत शिपाई. नाव नुसतं सारिमिन. जावात बऱ्याच लोकांना एकच नाव असतं, आडनाव नसतंच. वडिलांना नेलं तेव्हा एली पोटात होत्या. पुढे त्यांच्या आईला निरोप आला की जहाज बुडालं. आई मुलीला घेऊन इकडे हॉलंडला आली, लोकांची घरं साफ केली, पुन्हा लग्न केलं नाही. डच सरकारच्या कागदांवर आडनाव लागतं, म्हणून वडिलांचं एकुलतं एक नाव मुलीचं आडनाव झालं.

मी कागद पाहिला. आमचंच पान होतं. सारिमिन, शिपाई. खाली ठळक अक्षरात: युद्ध संपल्यावर सुटका.

"माझ्या नातवाने काढून दिलं," तांते एली म्हणाल्या. "त्याला वाटलं मला आनंद होईल. मग तोच म्हणाला, आजी, म्हणजे त्यांनी तिकडे दुसरा संसार केला असणार." त्यांनी कागद परत फोल्डरमध्ये घातला. "ते सुटले होते, तर आमच्याकडे आले का नाहीत?"

पंधरा ऑगस्टला आपण झेंडा लावतो. इथे त्या दिवशी, जपान शरण आल्याचा दिवस म्हणून, डच इंडीजचे लोक युद्धातल्या आपल्या मेलेल्यांना फुलं वाहतात. तांते एली दर वर्षी हेगला जात. त्या ऑगस्टच्या सुरुवातीला आमची वेबसाइट सुरू झाली, आणि पंधरा तारखेला त्या पहिल्यांदाच घरी बसल्या. त्याच दिवशी मी आमच्या मंडळात जिलबी वाढत होते.

दोन दिवसांची मुदत मागून मी त्यांना बसस्टॉपवर सोडलं आणि वर येऊन लॉग उघडला. लॉग म्हणजे प्रोग्रामने काय काय केलं त्याची नोंद. दहा मिनिटांत दिसलं. वेबसाइटवरचा एक सारिमिन हा चार कार्डांचा मिळून केलेला होता.

झालं होतं ते असं. जपान्यांनी प्रत्येक कैद्याचं एक कार्ड केलं होतं. त्याशिवाय जहाजांच्या याद्या, छावण्यांच्या याद्या, सुटका झालेल्यांच्या याद्या. एकच माणूस पाच ठिकाणी सापडतो, त्या पाच नोंदी जोडून एक करायच्या. याला आम्ही डुप्लिकेट काढणं म्हणतो. नियम मी लिहिला होता: नाव, जन्मतारीख आणि पलटण जुळली की माणूस एकच. आणि नोंदींत विसंगती असेल तर सगळ्यांत शेवटची नोंद खरी धरायची, कुरियरचं पार्सल शेवटी जिथे स्कॅन झालं तिथेच ते असणार म्हणून.

गोऱ्यांच्या कार्डांवर हे झकास चाललं. त्यांना दोन-तीन नावं, आडनाव, खरी जन्मतारीख. जावाच्या शिपायांना एक नाव, आणि जन्मतारीख कोणालाच माहीत नाही म्हणून कारकुनाने ठोकून दिलेली एक जानेवारी. एका पलटणीत चार सारिमिन, चौघेही एक जानेवारीचे. माझ्या प्रोग्रामने त्यांचा एक माणूस केला. आणि मेलेल्याची नोंद मेल्यावर थांबते, सुटलेल्याची पुढे चालते. म्हणजे अशा प्रत्येक जोडणीत जिवंत माणूस जिंकणार आणि मेलेला पुसला जाणार, हे नियमातच होतं.

याची मला लाज वाटते ती वेगळ्याच कारणाने. माझ्या वडिलांचा वाढदिवस एक जून. दोन्ही काकांचा एक जून. त्यांच्या वर्गातल्या निम्म्या पोरांचा एक जून, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांनी तीच तारीख लिहिली. हे महाराष्ट्रात शेंबड्या पोराला ठाऊक असतं. एखाद्या डच इंजिनियरने ही चूक केली असती तर मी त्याला हसले असते. मी केली, कारण मी चौदा वर्षांत इतकी इथली झाले होते की जन्मतारीख म्हणजे जन्माची तारीख, असं मला खरंच वाटायला लागलं होतं.

मी येरूनकडे गेले. येरून आमचा मॅनेजर, माणूस वाईट नाही.

"अशा जोडण्या किती असतील?" त्याने विचारलं.

"एकच नाव असलेले जवळजवळ सगळे तपासावे लागतील."

"टेस्टिंगमध्ये कसं सापडलं नाही?"

"टेस्टिंगला आपण पूर्ण भरलेली कार्डं घेतली होती. आडनाव नसलेली एज केस म्हणून बाजूला ठेवली."

एज केस म्हणजे क्वचित घडणारी, काठावरची गोष्ट. आमच्या धंद्यात त्याचा खरा अर्थ, ज्यांच्यासाठी वेळ नाही ते. त्याच जहाजांत जावाच्या खेड्यांतून मजुरीला धरून नेलेली माणसंही भरलेली असत. त्यांची कार्डंच केली नव्हती, त्यामुळे आमच्या वेबसाइटवर ती एज केससुद्धा नाहीत.

"क्लायंटने साइन-ऑफ दिलाय," येरून म्हणाला. "काम संपलं. या बाईंची नोंद हाताने नीट कर आणि त्यांना फुलं पाठव."

"कुठल्या सारिमिनची नोंद नीट करू? चौघांत त्यांचे वडील कोण आणि सुटला कोण, हे आधी कळायला हवं."

"अंदाज नाही का करता येत?"

"अंदाजच केला होता, येरून."

तो म्हणाला, टाइमशीटला याचा कोड नाही, म्हणजे हे तास कामात धरता येणार नाहीत. मी रजा टाकली.

चारही कार्डांचे स्कॅन काढले. एकावर पत्नीचं नाव होतं, कार्सिना. मी तांते एलींना फोन केला. आईचं नाव काय? त्या म्हणाल्या, कार्सिना. म्हणजे वडिलांचं कार्ड सापडलं. पण ते मेले की सुटले, हे कळेना. सुटका झालेल्यांच्या यादीत नुसतं 'सारिमिन' लिहिलेलं, पुढे काही नाही. तो चौघांपैकी कोणीही असू शकत होता. एलींचे वडीलही.

खूण कार्डावरच असते. कैदी मेला की जपानी कारकून त्याच्या कार्डावर लाल शाईची तिरकी रेघ मारत. आमचे स्कॅन करड्या रंगात होते. फाइल्स हलक्या व्हाव्यात म्हणून क्लायंटने तसं ठरवलं आणि मी मान डोलावली. त्यात रेघ आणि कागदाची घडी सारखीच दिसते. चारही कार्डांवर मला काहीतरी तिरकं दिसत होतं. खरी कार्डं हेगच्या आर्काइव्हमध्ये होती. मी आम्हा दोघींची अपॉइंटमेंट घेतली.

ट्रेनमध्ये तांते एली खिडकीशी बसल्या. पर्समधून त्यांनी एक छोटा फोटो काढला. टोपी घातलेला कोवळा शिपाई.

"हा माझ्या पलंगाजवळ असतो," त्या म्हणाल्या. "रोज गुड मॉर्निंग म्हणते. तो कागद आल्यापासून ड्रॉवरमध्ये टाकला होता. तीन आठवडे बोलले नाही त्यांच्याशी. शिव्या दिल्या." मग म्हणाल्या, "माझी आई त्यांची वाट बघत बघत म्हातारी झाली. ते मुद्दाम आले नसतील, तर मला फोटो फाडायचाय."

मी मनात एकच म्हणत होते, रेघ असू दे. एका माणसाचं मरण मी देवाकडे मागत होते, आणि ते मी आयुष्यात पहिल्यांदाच करत होते.

आर्काइव्हच्या बाईने चार कार्डं आमच्यासमोर ओळीने ठेवली. हात लावू नका म्हणाली. रंगात बघितल्यावर एका क्षणाचंही काम नव्हतं. तिघांवर लाल रेघ, एकावर नुसती घडी. कार्सिनाच्या नवऱ्याच्या कार्डावर रेघ होती. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, पट्टी लावून मारलेली.

तांते एलींनी बोट रेघेवर धरलं, कागदाला न टेकवता.

"म्हणजे मेले."

"हो, तांते."

"जहाजावर?"

आर्काइव्हच्या बाईने कार्डामागचा जपानी मजकूर आणि त्याचं भाषांतर दाखवलं. वाहतुकीत, समुद्रात.

"म्हणजे यायचं होतं त्यांना," तांते एली म्हणाल्या आणि हुंदके देऊन रडू लागल्या. मीही रडले. थोड्या वेळाने त्यांनी माझा हात धरून आभार मानले. वडील मेल्याची बातमी दिल्याबद्दल. माझ्या कानाखाली मारली असती तर बरं वाटलं असतं.

बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "मी त्यांना जे बोलले, त्याची माफी कशी मागायची? तेही तुमच्या कॉम्प्युटरला विचारून सांगा." आवाजात राग नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी चारही सारिमिन वेगळे केले. बाकीच्या जोडण्यांसाठी तिकीट टाकलं. आमच्याकडे करायच्या कामाच्या नोंदीला तिकीट म्हणतात. महिनाभर कोणी हात लावला नाही, तेव्हा मी संस्थेला स्वतः पत्र लिहिलं, की तुमच्या साइटवर सुटका झाली असं लिहिलेले कितीतरी लोक समुद्राच्या तळाशी आहेत. येरूनने बोलावून घेतलं. क्लायंटशी परस्पर बोलायचं नसतं, हे तुला ठाऊक आहे ना? ठाऊक होतं. मला त्या कामावरून काढून दुसरीकडे टाकलं. हल्ली मी एका सुपरमार्केटच्या बोनसकार्डांची डुप्लिकेट काढते. तिथे दोन गिऱ्हाइकं चुकून एक झाली तर सकाळी तक्रार येते आणि संध्याकाळी दुरुस्त होते. ते जुनं तिकीट अजून उघडं आहे. प्रायॉरिटी लो.

पुढच्या पंधरा ऑगस्टला मी जिलबीला गेले नाही, तांते एलींबरोबर हेगला गेले. त्यांनी तीन फुलं आणली होती. एक वडिलांचं. दोन लाल रेघवाल्या उरलेल्या दोघा सारिमिनांची, ज्यांच्या घरून कोणी चौकशीला आलं नव्हतं.

दर नोव्हेंबरला माझे वडील पेन्शनसाठी बँकेत हयातीचा दाखला द्यायला जातात आणि फोनवर चिडतात, की मी जिवंत आहे हे दर वर्षी काय सिद्ध करायचं? पूर्वी मीही त्यांच्या सुरात सूर मिळवत असे. आता म्हणते, बाबा, जाऊन सही करून या, तुम्हाला निदान जाता तरी येतं. मेलेल्या माणसाला आपण मेल्याचं सिद्ध करायला जाता येत नाही. त्याच्यासाठी ब्याऐंशी वर्षांच्या मुलीला बस पकडावी लागते.