थोरल्या काकांचा लाल दोरा

रागाची माफी राग यायच्या आधीच मागून ठेवणारा माणूस बोईसरातच काय, अवघ्या ख्रिस्ती जगात एकच झाला असेल: माझे थोरले काका. ते शिंपी होते. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढलं की टेप गळ्यात टाकता टाकता सांगायचे, "बस. आज डोकं तापलंय माजं. काय बोललो तर आताच माफ कर." आणि मग खरोखरच बोलायचे. तारापूरला वीजकेंद्राचं काम निघाल्यापासून तर त्यांना उसंतच नव्हती. तिथला एखादा कामगार "मास्टर, पँट कल दोगे ना?" म्हणाला, की "कल! सबको कलच पायजे! मेरेको हात कितना हाय?" हा आवाज थेट स्टेशनाच्या फलाटापर्यंत जायचा. गिऱ्हाईक गेलं की काका ओशाळून मशीनशेजारच्या खिळ्यावरच्या लाल दोऱ्याला एक गाठ मारत. शनिवारी तो दोरा खिशात घालून देवळात कुमसाराला जात आणि जाळीपलीकडच्या फादरना एकेका गाठीचं पाप सांगत. मग दोरा कापून टाकत आणि सोमवारी नवा लावत. काकू म्हणायची, "फादरना पन पाठ झालं असंल आता. तुमी नुसता दोरा दाखवा."

मी मुंबईच्या कॉन्व्हेंटमधून सुट्टीला त्यांच्याकडे यायची. चर्चमधल्या माझ्या दृढीकरणाच्या विधीसाठी पांढरा फ्रॉक काकांनीच शिवला. मी तो घालून पाहिला आणि मोठ्या धीराने म्हटलं, "काका, बाही जरा घट्ट होतेय." दुकानात चार बायका होत्या. "कॉन्व्हेंटात शिकली म्हनून मला बाही शिकवते? जा तुज्या मुंबईच्या टेलराकडे!" त्या दिवशी आगाऊ माफी मागायला ते विसरले होते. मी रडले नाही. फक्त त्यांच्याशी बोलणं बंद केलं. गप्प बसणं मला चांगलं जमतं. आठवडाभर जमलं.

शनिवारी काका देवळातून दोरा न कापताच आले आणि मला दुकानात घेऊन गेले. त्यातली एक गाठ बोटात धरून म्हणाले, "फादर बोलले, ही माज्याकडे नको आनू. जिची हाय तिच्याकडे जा." मग कपडे घालून बघायच्या कोपऱ्यातला पडदा त्यांनी बाजूला केला. "तू आत बस, बाय. तोंडावर नाय जमनार मला."

मी आतल्या स्टुलावर बसले. बाहेर काकांचे गुडघे कडकड वाजले. "पोरी, चार मानसांत तुला बोललो. बाही घट्टच होती. मला तेवाच दिसलेलं." पडद्याखालून दोऱ्याचं टोक आत आलं.

मी नखाने गाठ सोडवली. पण त्याच दुपारी मीही कुमसाराला जाऊन आले होते, आणि आठवडाभराचा अबोला फादरना सांगितला नव्हता. मी त्याच जागी नवी गाठ मारली आणि दोरा बाहेर सरकवला.

"ही कोनाची?"

"माझी."

बाहेर दोऱ्यावर नख खरवडल्याचा आवाज आला. मग काका म्हणाले, "लई घट्ट मारलीस गं. थांब, सुई आनतो."

सोमवारी खिळ्यावर नवा दोरा होताच, आणि दुपारपर्यंत त्याला तीन गाठी. पण शेजारी, मला न विचारता, काकांनी आणखी एक खिळा ठोकला होता. जरा खाली, माझा हात पोहोचेल असा.

आता काका नाहीत. त्यांचा खिळा रिकामा आहे. माझ्या खिळ्याला अजून दोरा लागतो.