गिरणीवाल्या वहिनींची वाटी

कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात गिरणीवाल्या वहिनींइतकं चाललेलं माणूस दुसरं नसेल, आणि चालायचं नाव काढल्यावर त्यांच्याइतकं चिडणारंही नसेल. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांची भाताची गिरणी आणि घर. माझं घर गल्लीचं शेवटचं, त्यांच्यापासून आठवं. मुलांनो, त्यांच्या हातचं वालाचं बिरडं खाऊन तुमच्यातल्या धाकट्याने वाटी चाटली होती, त्याच या वहिनी.

गेल्या वर्षी त्यांना कॅन्सर निघाला आणि किमो सुरू झाली. डॉक्टर म्हणाले, "पडून राहू नका. चांगले बूट घ्या आणि रोज झेपेल तेवढं चाला." वहिनी संतापल्या. "बिनकामाचं फिरायला मी काय देवाला सोडलेला वळू हाय?" जन्मभर त्या शेतावर, बाजाराला पायीच गेल्या, पण ते काम, त्याला चालणं कोण म्हणतं? मुलाने पांढरेशुभ्र बूट आणले, तर ते धुळीने खराब होतील म्हणून पिशवीत घालून त्या चपलेवर निघायच्या. मी हटकलं तर म्हणाल्या, "डॉक्टर बोलले, बूट घ्या नि चाला. घेतलेत की!"

चालायला काम हवं, म्हणून त्यांनी वाटी काढली. शेजारची वाटी रिकामी परत करायची नाही, ही आपली रीत. एका घरी बिरडं देऊन यायचं, मग वाटी आणायला जायचं. ती भरूनच मिळायची, की त्याची फेड करायला पुन्हा फेरी. महिन्याभरात सगळी गल्ली या फेऱ्यात अडकली. माझंच लिंबाचं लोणचं चार घरं फिरून माझ्याकडे आलं. त्यात किमोने वहिनींच्या तोंडाची चव गेलेली, आणि मीठ त्या चाखून घालणार! बिरडं खाऊन गल्ली निमूट तांब्या तांब्या पाणी प्यायची. मी एकदाच, फार सभ्यपणे, विषय काढला. "मला तर अळणी लागतं," वहिनी म्हणाल्या. "तुमचीच जीभ दाखवा कुणाला तरी."

किमोनंतर चार दिवस त्या दिसत नसत. मग पहिल्या घरापर्यंत यायच्या, मग तिसऱ्या. माझं फाटक वाजलं की मी समजायची, गाडी रुळावर आली. चौथ्या किमोनंतर मात्र दहा दिवस झाले तरी फाटक वाजेना. त्यांची वाटी माझ्याच फळीवर होती. शेवटी मी तीत खीर भरली आणि त्यांच्याकडे गेले. डोक्याला सुनेची ओढणी गुंडाळून, पांढऱ्याफटक चेहऱ्याने वहिनी पडून होत्या. मला पाहून उठून बसल्या आणि कडाडल्या, "ओ बाई, तुमी कशाला आलात? तुमी आलात तर मी जाऊ कुठं?"

"अहो, पण खीर..."

"न्या परत. मी येते न्यायला."

मी परत आले आणि खीर एकटीने खाल्ली. गोड लागली नाही.

पुढे सहा दिवसांनी फाटक वाजलं. वाटेत तीन ओट्यांवर टेकत टेकत वहिनी आल्या होत्या. पायरीवर बसून, धाप आवरत म्हणाल्या, "द्या वाटी."

"आज काही केलं नाही हो," मी म्हटलं. "रिकामी कशी देऊ? उद्या या."

त्यांनी नाक वर केलं. "शिऱ्याचा वास येतोय, बाई."

"तो उद्याचा आहे."

वहिनी इतक्या हसल्या की पिशवीतला एक बूट बाहेर पडला. दुसऱ्या दिवशी त्या शिरा न्यायला आल्या.

आता उपचार संपलेत. डोक्यावर केस भाताच्या रोपासारखे उगवलेत, बिरड्यात मीठ बेताचं पडतं, आणि वहिनी शेतावर असतात. त्यांना पुन्हा कामं आहेत, त्यामुळे माझं फाटक क्वचितच वाजतं. याचा आनंद मानायचा असतो, मी मानते.

तुमचा लाडवांचा डबा मागच्या खेपेपासून माझ्याकडेच आहे. तुमची आई दोनदा म्हणाली, कुणाबरोबर तरी पाठव. लाडू कालच केलेत. डबा मात्र मी अजून रिकामाच ठेवला आहे.